बुडालेल्यांचा शोध

समुद्राने एका रात्रीत गिळलेलं शहर शोधायला आलेली मंडळी दोन महिने किनाऱ्यावरच्या एका बाईच्या घरी उतरली होती. त्यांचा स्वयंपाकही तीच करायची. शहराचा विषय निघाला की त्यांचे प्रमुख, प्राध्यापक, असे बोलत, जणू तिथली माणसं त्यांच्या नात्यातली होती. "हजारो वर्षं झाली म्हणून काय झालं? त्यांना असं वाऱ्यावर सोडून कसं चालेल?"

एक दिवस वाढता वाढता तिने धीर केला. "सर, आमचे हेही तिकडेच बुडाले. गेल्या वर्षी, होडीसकट. सरकारी ऑफिसात किती खेटे घातले, पण पाणी खोल आहे, पाणबुडे मिळत नाहीत, एवढंच म्हणतात. तुमची माणसं रोज उतरतात. जाता-येता बघतील का?"

प्राध्यापकांनी उचललेला घास तसाच ताटात ठेवला. "सांगतो त्यांना, ताई. नक्की सांगतो."

त्यानंतर पाणबुडे परत आले की ती दारातच त्यांचे चेहरे न्याहाळायची.

शहर काही सापडलं नाही. मंडळी निघाली, सामान गाडीत चढलं, तेव्हा त्यांच्यातला म्हातारा पाणबुड्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळला.

"ताई, होडी निळ्या रंगाची होती का?"

"हो! दिसली तुम्हाला?"

"दिसली. आत माणूसही होता."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. पोलीस येतील, काम बंद पडेल, म्हणाले." त्याने मान खाली घातली. "तुम्ही त्यांना विचारलंत ना, त्याच्या आदल्या दिवशीच."