सोबतीला

"बसा मॅडम," म्हणत पोलीस ठाण्यातल्या बाबूंनी वृंदाकडे खुर्ची सरकवली. गौरीला बोटानेच भिंत दाखवली.

वृंदा बसली नाही. "तक्रार हिची आहे. मी सोबतीला आलेय," ती आवाज साखरेत घोळवून म्हणाली. नवऱ्याने, मंदारने, गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून फोन करून बजावलंच होतं, पोलिसांशी गोड बोल, आपण पडलो बाहेरची माणसं.

गौरी तिच्याकडे कामाला. सकाळी ती राहणाऱ्यांच्या लिफ्टने वर आली, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिच्या थोबाडीत दिली होती. गालावर अजून तीन बोटं दिसत होती.

बाबूंना गाल दिसत नव्हता. कोलकाता आवडलं का, साहेब रेल्वेत कुठल्या हुद्द्यावर, मुंबईहून शिर्डी किती लांब, अशी त्यांनी वृंदाची प्रेमाने चौकशी केली. चहा मागवला, एकच. वृंदाने आभार मानले आणि कप गौरीच्या हातात दिला.

"ही चोरीबिरी तर करत नाही ना?" बाबूंनी वृंदाला विचारलं.

"तिलाच विचारा की. इथेच उभी आहे."

"मॅडम, आम्ही तुम्हाला मान देतोय."

"तो तिला द्या. मला घरी मिळतो, अधूनमधून."

बाबू हसले नाहीत. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ आहेत, आणि तुम्हाला त्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय, याची त्यांनी आठवण करून दिली. वृंदा हो म्हणाली आणि उभीच राहिली. गौरी वृंदाला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची. ती कुजबुजली, बौदी, चला, जाऊ दे. वृंदाने नुसता तिचा हात धरला.

तासाभराने बाबूंनी कागद ओढला. न विचारताच पाच ओळी खरडल्या आणि शाईचा पॅड गौरीपुढे सरकवला. "अंगठा."

"सही करते," गौरी म्हणाली. "आधी वाचून दाखवा."

बाबूंनी वाचलं. लिफ्टवरून सेक्रेटरींशी शाब्दिक वाद झाला, असं होतं त्यात.

"वादाला दोघं लागतात, बाबू. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मारलं, असं लिहा."

बाबूंनी वृंदाकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्यात गढली होती.

मग बाबूंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि पहिल्यांदाच गौरीकडे बघून विचारलं, "कुठल्या हाताने?"