आसगावपाशीच

आसगावच्या चिंचेपाशी गाडीचं इंजिन एकदम मोठ्यानं ओरडलं, आणि चाकं मात्र हळूहळू जागेवर थांबली. मागच्या सीटवर बसलेल्या सुलोचनाबाईंनी पदर सावरला. थांबलीच शेवटी. बरोबर इथंच.

"गरम झाली," पुढं बसलेले मधुकरराव मागं न बघता म्हणाले.

मधुकररावांची अड्याळला राइस मिल होती. गाडी विलायती, पंचवीस वर्षांची, कुण्या साहेबाच्या लिलावातून घेतलेली. तिला क्लच नव्हता, गियर आपले आपणच बदलायचे. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती, त्यामुळं तिचं दुखणंही कोणाला कळत नव्हतं. पेट्रोल महागल्यापासून ती फक्त मंगळवारी निघायची, या बाजूच्या गावांतलं धान ठरवायला. आणि चार मंगळवारांतले तीन मंगळवार या चिंचेखाली येऊन ती गियर सोडून द्यायची. अर्धा तास उभी राहिली, की काही झालंच नाही अशी चालू लागायची. मिस्त्रीसमोर तर एकदाही अडली नाही.

सुलोचनाबाईंना हे काही पटत नव्हतं. लोखंडाला गाव कसं ओळखू येतं? चिंचेसमोरचं घर देवकाबाईचं, म्हणजे मधुकररावांच्या थोरल्या बहिणीचं. दोन वर्षांमागं सुलोचनाबाईंच्या लेकीच्या लग्नात देवकाबाईनं त्यांनी दिलेली आहेराची साडी चारचौघांत परत केली होती. सुलोचनाबाईंनी त्याच मांडवात नवऱ्याकडून वचन घेतलं, त्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. मधुकरराव हो म्हणाले होते. आता गाडीच्या आडून ते वचन मोडलं जात असेल, तर इतकी वर्षं संसार केला तो कोणाच्या भरवशावर?

त्यातून एका मंगळवारी बाईंचा भाऊ खुशाल सोबत होता, आणि नेमकी त्याच दिवशी गाडी थांबली नाही. त्या दिवशी पाऊस होता, हवा गार होती, असं मधुकररावांनी सांगून पाहिलं. पावसाचं नाव पुढं करणाऱ्या माणसावरचा बाईंचा उरलासुरला विश्वासही उडाला. म्हणून आज त्या कोणाला न सांगता गाडीत येऊन बसल्या होत्या. पायाशी पिशवीत एक डबा होता.

ड्रायव्हर परसरामनं इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं, गियरचं तेल मोजायची दांडी ओढून फडक्यानं पुसली, परत घालून काढली आणि बाईंपुढं धरली. आधी तो ट्रक चालवायचा आणि ट्रकचं तेल असंच बघायचा.

"भरून आहे, बाई. तेलाचा दोष नाही."

"इंजिन सुरू कर, अन् मंग पाह्य."

परसराम मालकांकडं बघू लागला. बाईंना हीच परीक्षा घ्यायची होती. तुमसरला माहेरी गेल्या तेव्हा आनंदराव नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला त्या भेटून आल्या होत्या. मँगनीजच्या खाणीवरच्या साहेबाची अशीच गाडी त्यानं अकरा वर्षं सांभाळली होती. तो म्हणाला होता, या गाडीचं गियरचं तेल इंजिन चालू ठेवून बघायचं, बंद इंजिनात दांडी खोटं सांगते. तेल कमी असेल तर तेवढ्याच अंतरावर ते तापणार आणि गाडी तिथंच बसणार. आणि दांडी चालू इंजिनातही भरलेली निघाली, तर लबाडी माणसाची.

परसरामनं इंजिन सुरू केलं. दांडी पुसली, घातली, काढली. तिचं टोक कोरडं होतं.

सुलोचनाबाईंनी ती स्वतःच्या हातात घेऊन पाहिली. खरंच कोरडी. छातीवरचं ओझं उतरलं, आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली. त्यांनी पिशवीतला डबा काढून दिला. आनंदरावानंच घ्यायला लावलेलं तेल होतं. परसरामनं ते ओतलं आणि आत बसून स्टिअरिंगजवळची गियरची दांडी खाली ओढली, तशी गाडी हिसका देऊन पुढं सरकली. त्यानं ब्रेक दाबून धरला.

"पकडला गियर," तो खुशीत म्हणाला. "आता नाही थांबत ही कुठीच."

मधुकरराव खिडकीतून समोर बघत होते.

समोरच्या अंगणातून देवकाबाई येत होती. दोन वर्षांत बरीच थकली होती. दोन्ही हातांत चहाचे दोन गिलास होते. मागच्या सीटवर कोण बसलंय हे दिसताच ती अंगणाच्या बुटक्या भिंतीमागंच थबकली. गिलास तिनं भिंतीवर ठेवले. भिंतीवर त्या जागी चहाचे जुने गोल डाग होते.

सुलोचनाबाईंनी परसरामला हळूच विचारलं, "मालक आत जातेत?"

"नाही, बाई. एकदाही नाही गेले. ते रस्त्यावर उभे राह्यतात, अन् देवकाबाई भिंतीच्या तिकून."

गाडीचं इंजिन एका लयीत चाललं होतं. परसराम ब्रेकवर पाय ठेवून हुकमाची वाट बघत होता. मधुकररावांनी बहिणीकडं पाहून मान हलवली, निघतो म्हणून, आणि परसरामला म्हणाले, "चाल."

"बंद कर," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"पण बाई, आता तं चालून राहिली न."

"गरम हाय. थंडी होऊ दे."

त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उतरल्या. भिंतीपलीकडं देवकाबाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या दोन गिलासांकडं, आणि तिसरा आणायला आत वळली.