परीक्षेची सकाळ

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, दुबईत दुकानाचा मॅनेजर असलेल्या आमच्या मुलाने, लुअयने, नोकरी सांभाळून संगणकाचा कोर्स धरला. पास झाला की घरी बसून काम, म्हणजे कायमचा इर्बिदला, आमच्याजवळ परत.

“टक्कल पडलं, आता शाळेत निघालाय,” त्याची आई वजीहा फोनवर चिडवायची. मला मात्र बजावायची, “माझं दुखणं त्याला कळवू नका. सगळं टाकून धावत येईल.” परदेशातल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीतच.

शेवटच्या परीक्षेच्या सकाळी त्याचा फोन आला. “बाबा, आईला द्या. तिची दुवा घेऊन आत जातो.”

“शेजारी उम्म फारिसकडे गेलीय. तू जा, बाळा.”



वजीहा त्याच दिवशी पहाटे वारली होती.