चौथीच्या तासाला

"आमची मृण्मयी वर्गात झोपते, अशी आधीच्या शाळेतल्या बाईंची तक्रार आहे," वैजयंती नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना म्हणाली. "सहा वर्षांची आहे, पण पहिलीचं सगळं तिला आधीच येतं. वरच्या वर्गात बसवा म्हटलं, तर वय आडवं येतं."

मुख्याध्यापकांनी मृण्मयीचा हात धरून तिला चौथीच्या गणिताच्या तासाला नेऊन बसवलं. बाकावरून तिचे पाय जमिनीला टेकेनात.

तास संपला तशी मृण्मयी धावतच व्हरांड्यात आली. चेहरा लालबुंद झाला होता. मुलांनी चिडवलं असणार, या विचाराने बाहेर थांबलेली वैजयंती झटकन पुढे झाली.

"आई, मला एक गणित आलंच नाही!" मृण्मयी उड्या मारत म्हणाली. "सर म्हणाले, उद्या पुन्हा करून बघू. उद्या येऊया ना?"