धुराचा ठराव

त्र्यंबक टिपणीस ठाण्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर होता. खाडीकाठच्या स्मशानाचा धूर घरात येतो, असा अर्ज वासंतीबाई कर्णिकांनी दिला, तेव्हापासून तो त्या कामाच्या हात धुऊन मागे लागला होता. बाईंच्या यजमानांना दमा होता. चिता पेटली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अखेर १९५३च्या दिवाळीआधी नगरपालिकेत ठराव झाला: घरांपासून दोनशे यार्डांच्या आत दहन करायचे नाही, स्मशान वस्तीबाहेर न्यायचे.

ही बातमी सांगायला तो मोठ्या हौसेने त्यांच्या घरी गेला. दारातच बाईंचे मोकळे कपाळ दिसले आणि तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पंधरा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "बसा."

खोलीत धूर कोंडला होता. समोर कुणाची तरी चिता जळत होती आणि खिडकी सताड उघडी होती. ती लावायला तो उठला, तशा बाई आडव्या आल्या.

"लावू नका. तुमच्या ठरावाचं कानावर आलंय. तो रद्द होतो का, तेवढं बघा."

"अहो, पण अर्ज तुमचाच होता ना?"

"होता." त्या धुराकडेच बघत राहिल्या. "आम्हा बायकांना स्मशानात येऊ देत नाहीत, टिपणीससाहेब. त्या दिवशी सगळे त्यांना घेऊन गेले, मी इथेच बसून राहिले."



त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "तासाभराने ते या खिडकीतून घरी आले."