कापसाले ओल

लॉकडाऊनमध्ये दारव्हा रोडवरचं सकाळचं फिरणं बंद झालं आणि सदाशिवरावांची शुगर वर चढली. मैनाबाईंनी अंगणात फेऱ्या मारायला सांगितल्या, तर नवरा उखडला. "मी काय घाण्याचा बैल हाओ?"

खरेदी बंद असल्यामुळे कापूस घरातच पडून होता. मैनाबाई म्हणाल्या, "अहो, कापसाले ओल लागली. रोज ऊन दाखवा लागते."

भर वैशाखात ओल! बोलून गेल्यावर त्यांनाच धडकी भरली. पण सदाशिवरावांनी मुकाट टोपली उचलली. रोज सकाळी कापूस अंगणात, संध्याकाळी घरात. मैनाबाई मनात म्हणाल्या, फसले एकदाचे!

खरेदी सुरू झाली, कापूस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव रिकामी टोपली घेऊन चुलीपाशी आले.

"काय वं मैना, आता तुरीले ओल कवा लागन?"