चार शिट्ट्या

हेडफोनची वायर तुटली म्हणून त्या सकाळी मार्तंडरावांनी रेडिओ स्पीकरवर लावला. जगभरातल्या अठरा केंद्रांचे संकेत रोज आठ वाजता ऐकायचे आणि लघुलहरींचा बँड आज कुठवर उघडा आहे, म्हणजे किती लांबचं ऐकू येतंय, ते हौशी रेडिओवाल्या हॅम मंडळींच्या ग्रुपवर कळवायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. नागावच्या मार्तंडरावांनी 'बंद' म्हटलं की कोणी सेट चालूही करत नसे. गेला महिनाभर ते 'बंद'च कळवत होते आणि या लहरींची मजल सूर्यावर अवलंबून असते म्हणून सगळं खापर सूर्यावर फोडत होते.

प्रत्येक केंद्राला दहा सेकंद. आधी मोर्सच्या टिंब-रेघांत नाव, मग चार लांब शिट्ट्या, एकीपेक्षा एक क्षीण. जितक्या ऐकू येतील तितका बँड चांगला.

"एकच," मार्तंडराव पुटपुटले आणि वहीत तसं लिहिलं.

"तीन झाल्या की," शेजारी सुपारी सोलत बसलेल्या सुचित्राबाई म्हणाल्या. कुकरपायी शिट्ट्या मोजणं त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

मार्तंडरावांनी आवाज वाढवला. खरखर तेवढी वाढली. पुढचं केंद्र येऊन गेलं.

"आता किती?"

सुचित्राबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "एकच."

पण त्यांचा अंगठा बोटाच्या तिसऱ्या पेरावर होता. मार्तंडरावांनी ते पाहिलं. सूर्य बिचारा आपलं काम करत होता. कान गेले होते ते यांचे.

"अगं, रिपोर्ट खोटा द्यायचा नसतो," ते हळूच म्हणाले.

"तीन."

त्यांनी फोन उचलला आणि लिहिलं, 'बँड उघडा आहे. महिनाभराच्या माझ्या नोंदी रद्द समजाव्यात. दोष माझ्या कानांचा.' पाठवताना बोट जरा अडलं, पण पाठवलं. मग शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, "उद्यापासून तू ऐकायचंस, मी लिहीन. उद्या तरी कशाला, आत्ताच बस."

"मला कुठे कळतंय कोण बोलतंय ते?"

"ते माझ्याकडे लागलं."

केंद्रांच्या पाळ्या सेकंदाबरहुकूम ठरलेल्या असतात आणि त्या त्यांना तोंडपाठ होत्या. सुपारीचे हात पदराला पुसून सुचित्राबाई खुर्चीवर बसल्या. मार्तंडरावांनी स्पीकरकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत राहिले.

"आता जपान," ते म्हणाले.

"आला," सुचित्राबाई म्हणाल्या.